वसंतातील दुपार आणि शिवारातील पक्षी : निरीक्षणाची पद्धत

पक्षीनिरीक्षण पहाटेच करायचे असते, हा समज इतका पक्का झाला आहे की ज्यांना केवळ दुपारनंतर सवड मिळते असे अनेक जण या छंदाकडे वळतच नाहीत. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास पक्षी सर्वाधिक बोलतात आणि हिंडतात, हे खरेच आहे. तरीही फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, पठारी महाराष्ट्रात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलून जातात त्या दिवसांत, दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ पाहणाऱ्याला पुष्कळ काही देतो. स्थानिक पक्ष्यांची वीण सुरू झालेली असते, हिवाळी पाहुणे परतीच्या तयारीत असतात आणि पानगळीमुळे झाडे उघडी असल्याने फांदीवरचा पक्षी सहज नजरेस पडतो. मात्र पहाटेची रीत दुपारी चालत नाही. ऊन जसे बदलते तशी आपली पद्धतही बदलावी लागते : भर दुपारी एका जागी बसावे, ऊन कलले की चालावे आणि सूर्यास्ताला पुन्हा थांबावे. पुढील सर्व सूचना याच क्रमाने दिल्या आहेत.

आधी वाट ठरवा

दुपारच्या फेरीसाठी दीड-दोन किलोमीटरची वाट पुरेशी असते. ती निवडताना घनदाट झाडी शोधण्यापेक्षा कडा शोधाव्यात. शेत संपून माळ सुरू होतो, ओढ्याकाठची झुडपे पडीक जमिनीला भिडतात किंवा बांधावरची बाभळीची रांग नांगरलेल्या रानाला लागून असते, अशा ठिकाणी दोन्ही बाजूंचे पक्षी मिळतात. त्या वाटेवर एखादा पाणवठा, एखादे फुललेले किंवा फळांवर आलेले मोठे झाड आणि विजेच्या तारा असतील तर वाट उत्तम समजावी. तारांना कमी लेखू नये, कारण कोतवाल, वेडा राघू, नीलपंख आणि कापशी घार हे चौघेही उघड्या जागी बसून भक्ष्य टिपणारे असून तारेवर ते दुरूनही ओळखता येतात.

वाटेची दिशा हा दुपारच्या निरीक्षणातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे झुकतो, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड करून चालणाऱ्याला प्रत्येक पक्षी काळ्या आकृतीसारखा दिसतो आणि रंग कळत नाहीत. म्हणून शक्य असेल तर वाटेच्या पश्चिम टोकापासून सुरुवात करून पूर्वेकडे जावे, म्हणजे ऊन पाठीवर आणि पक्षी उजेडात राहतात. परतताना सूर्य समोर येणार, हे गृहीत धरून परतीची वेळ सूर्यास्तानंतरची ठेवावी किंवा उत्तर-दक्षिण जाणारी दुसरी पायवाट घ्यावी. वाट कोणाच्या शेतातून जात असेल तर मालकाला आधी विचारावे. तो पक्ष्यांविषयी जे सांगतो, विशेषतः कोणता पक्षी कोणत्या बांधावर रोज येतो हे, ते आपल्या एका फेरीत कळण्यासारखे नसते.

दुर्बीण आणि इतर साहित्य

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, तर १०×२५ मध्ये केवळ अडीच मिलिमीटर भरते. भर दुपारी हा फरक जाणवत नाही, परंतु सूर्यास्तानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत तो स्पष्ट कळतो. दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण अधिक चांगली, असे नवख्यांना वाटते. तिच्यात हाताची थरथरही तितकीच मोठी होते आणि दृश्याचा घेर सहसा लहान असतो, त्यामुळे हलता पक्षी सापडतच नाही. सुरुवातीला आठ पटच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुर्बीण डोळ्यांना जुळवून घेण्याचे काम घरीच करावे. प्रथम दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ करावे. मग उजवे भिंग झाकून, मधले चाक डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्वच्छ दिसेपर्यंत फिरवावे. त्यानंतर डावे भिंग झाकून तीच पाटी उजव्या डोळ्याने पाहावी आणि उजव्या नेत्रिकेवरची (डोळ्याला लावायच्या भिंगावरची) कडी फिरवून ती स्पष्ट करावी. ही कडी पुन्हा हलवायची नसते. नंतर फक्त मधले चाक वापरायचे. चष्मा असणाऱ्यांनी नेत्रिकेची रबरी कड आत दुमडावी, अन्यथा दृश्याचा कडेचा भाग कापला जातो. पक्षी दिसल्यावर मान खाली घालून दुर्बीण शोधू नये, तर नजर पक्ष्यावरच खिळवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी. ही सवय अंगवळणी पडेपर्यंत झाडाच्या एखाद्या ठरावीक पानावर सराव करावा.

याखेरीज मातकट किंवा फिक्या हिरव्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, घोट्यापर्यंतचे बूट, किमान दोन लिटर पाणी, पक्ष्यांच्या चित्रांची एक हाती मावणारी पुस्तिका आणि वही-पेन्सिल एवढे पुरे आहे. मोबाइल उपयोगी पडतो, पण भर उन्हात तो तापतो आणि पडद्यावरचे नीट दिसत नाही. वहीला ती अडचण नसते.

दोन ते चार : बसण्याची वेळ

या दोन तासांत पक्षी नाहीसे झालेले नसतात, ते सावलीत असतात. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात, त्यामुळे शरीर थंड ठेवण्यासाठी ते चोच उघडी ठेवून जलद श्वास घेतात, पंख अंगापासून किंचित दूर धरतात आणि हालचाल कमी करतात. अशा स्थितीतल्या पक्ष्याला सावलीतून उठवणे म्हणजे त्याला उन्हात ढकलणेच होय. म्हणून या वेळी माग काढत फिरू नये. पाणवठ्यापासून वीस-पंचवीस मीटरवर, एखाद्या झाडाच्या बुंध्याला टेकून, ऊन पाठीशी राहील असे बसावे आणि पहिली दहा मिनिटे काहीही न पाहता फक्त स्तब्ध राहावे. आपल्या येण्याने दबलेल्या हालचाली त्यानंतर हळूहळू पूर्ववत होतात.

पाण्यावर येणाऱ्यांत दाणे खाणाऱ्या पक्ष्यांची संख्या मोठी असते, कारण कोरड्या दाण्यांतून त्यांना फारसे पाणी मिळत नाही. होले, मुनिया आणि चिमण्या वारंवार येतात. त्यांची पिण्याची पद्धत अवश्य पाहावी. होला चोच पाण्यात बुडवून सलग पाणी ओढतो, तर बहुतेक इतर पक्षी एक घोट घेऊन मान वर करतात आणि तो घशात उतरवतात. सातभाईंचा कळप आंघोळीला उतरला की एखादा बहुधा वरच्या फांदीवर पहाऱ्यावर असतो. शांत बसलेल्याला त्यांचे परस्परांतले वागणे बराच वेळ पाहता येते. चालत फिरणाऱ्याच्या वाट्याला हे क्वचितच येते.

पाणी नसेल तर फुललेले झाड निवडावे. पळस आणि काटेसावर यांच्या फांद्या फुलांच्या वेळी जवळजवळ निष्पर्ण असतात, त्यामुळे मधासाठी आलेला पक्षी पानाआड जात नाही. साळुंकी, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी आणि भोरड्यांचे थवे एकाच झाडावर दिसू शकतात. भोरड्या मध्य आशियात वीण करतात आणि एप्रिलमध्ये परततात, म्हणून त्यांचा शेवटचा थवा कोणत्या तारखेला दिसला, हे टिपून ठेवण्याजोगे असते. सूर्यपक्ष्यांत जांभळा-काळा चकाकणारा तो विणीच्या वेषातला नर असतो. वरून करडी-तपकिरी आणि खालून फिकट पिवळी ती मादी असते. तसाच दिसणारा, परंतु गळ्यापासून पोटापर्यंत गडद पट्टा असलेला पक्षी आढळला तर तो विणीबाहेरच्या वेषातला नर समजावा. वड, पिंपळ किंवा उंबर फळांवर असेल तर त्यालाच प्राधान्य द्यावे. तेथे तांबट, कोकीळ, हळद्या आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल यांची शक्यता असते. हरियाल पानांत इतके मिसळून जातात की खाली पडणाऱ्या फळांवरूनच त्यांचा पत्ता लागतो.

बसल्या बसल्या कानांचेही काम चालू ठेवावे. भर उन्हात ‘टुक् टुक् टुक्’ असा एकसुरी ठोका चालू असेल तर तो तांबट होय. तो ओरडताना चोच मिटलेली असते आणि गळा फुगतो. शिवाय तो डोके वळवत राहतो, त्यामुळे आवाजाची दिशा बदलल्याचा भास होतो आणि शोधणारा चुकीच्या झाडाकडे पाहत राहतो. अशा वेळी आवाजामागे न धावता आसपासचे निष्पर्ण शेंडे एकेक करून न्याहाळावेत. कोकिळाचा चढत जाणारा ‘कुहू’ हा नराचा असतो. ठिपकेदार मादी तीक्ष्ण ‘किक्-किक्-किक्’ करते. पावशाची साद दर आवर्तनाला वरच्या पट्टीत जाते आणि एकाएकी थांबते. कोतवालाच्या बाबतीत सावध राहावे, कारण तो शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. केवळ ऐकून शिक्रा नोंदवू नये. मर्लिनसारखी आवाज ओळखणारी मोबाइल प्रणाली मदत करते, परंतु तिने सुचवलेले नाव हे शोधाची सुरुवात असते, पुरावा नसतो.

याच वेळेत अधूनमधून वर पाहत जावे. तापलेल्या जमिनीवरून उठणारे उष्ण हवेचे झोत शिकारी पक्ष्यांना पंख न हलवता उंच नेतात, त्यामुळे घारी आणि गरुड पाहण्यासाठी भर दुपार पहाटेपेक्षा सरस ठरते. घारीची शेपटी मधे खाचलेली असते. शिक्रा काही वेळा पंख मारून मग थोडा तरंगतो आणि पुन्हा पंख मारतो. पांढुरका, खांद्याशी काळा असा छोटा शिकारी माळावर एका जागी फडफडत स्थिर राहिला तर ती कापशी घार. दुर्बिणीतून सूर्याच्या जवळपासही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होण्यास एक क्षण पुरतो. जमिनीलगत दूरवर पाहताना प्रतिमा थरथरत असेल तर दुर्बिणीला दोष देऊ नये. तो तापलेल्या हवेचा परिणाम असून जास्त पटीच्या दुर्बिणीने तो अधिकच वाढतो. त्यावर उपाय एवढाच की ऊन उतरेपर्यंत फक्त जवळचे पाहावे.

चार ते सहा : चालण्याची वेळ

ऊन कलले की खाद्य शोधणे पुन्हा जोमाने सुरू होते. आता वीस-तीस पावले चालावे आणि दोन मिनिटे थांबावे. पक्ष्यांना सरळ त्यांच्या दिशेने येणारा माणूस धोक्याचा वाटतो, म्हणून तिरप्या रेषेत, मधूनमधून थांबत जावे. बोट दाखवू नये. सोबत्याला जागा सांगायची असेल तर झाडाला घड्याळाची तबकडी मानून काट्याची दिशा सांगावी, जसे की ‘बाभळीवर दोन वाजता, मधल्या फांदीच्या टोकाला’. गट चार जणांपेक्षा मोठा नसावा.

ओळखण्याच्या बाबतीत बहुतेकांची गल्लत होते ती रंगापासून सुरुवात केल्याने. उजेडाप्रमाणे रंग फसवतो. आकार आणि वागणे सहसा फसवत नाही. प्रथम आकारमान ठरवावे : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. मग चोच पाहावी, कारण तिच्यावरून आहार कळतो. जाड त्रिकोणी चोच दाणे फोडणाऱ्याची, बारीक टोकदार चोच किडे टिपणाऱ्याची आणि आकडीसारखी चोच मांस फाडणाऱ्याची असते. त्यानंतर शेपटीची लांबी व तिची हालचाल, उडण्याची ढब आणि बसण्याची जागा लक्षात घ्यावी. रंग सर्वांत शेवटी, तोही ठरावीक ठिकाणचा पाहावा : भुवई, डोळ्याभोवतीचे कडे, पंखावरची पट्टी, शेपटीखालचा भाग. लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल या दोघांच्याही बुडाशी लाल असते. फरक तुऱ्याचा, गालावरच्या लाल ठिपक्याचा आणि पोटाच्या रंगाचा आहे. पक्षी समोर आहे तोवर पुस्तिका उघडू नये. तो उडून गेल्यावर पुस्तिकेला भरपूर वेळ असतो, पण न पाहिलेली शेपटी पुन्हा दिसत नाही.

वसंताचे खरे वैशिष्ट्य या दोन तासांत उलगडते. नीलपंख बसलेला असताना तपकिरी आणि काहीसा निस्तेज भासतो, परंतु विणीच्या दिवसांत तो उंच चढून, अंग दोन्ही बाजूंना हेलकावत खाली झेपावतो आणि पंखांतली निळाई उन्हात झळकते. उघड्या माळावर डोंबारी चंडोलाचा नर शीळ घालत हवेत चढतो, पंख मिटून खाली कोसळतो आणि जमिनीजवळ येताच पुन्हा वर उसळतो. वेडे राघू मातीच्या कडेला बिळे कोरताना दिसतात. पकडलेली मधमाशी ते फांदीवर आपटून आणि घासून तिची नांगी निरुपद्रवी करतात. हिवाळी पाहुण्यांतही बदल झालेला असतो. करड्या धोब्याच्या नराचा गळा परतण्यापूर्वी काळा होऊ लागतो आणि पिवळा धोबी अधिक गडद पिवळा दिसतो. एकाच थव्यात जुन्या आणि नव्या वेषातले पक्षी एकत्र आढळतात, तेव्हा ते दोन जातींचे असल्याचा निष्कर्ष घाईने काढू नये.

घरट्यांजवळ पाळायची शिस्त

या ऋतूत कितीही उत्सुकता वाटली तरी घरटे शोधत फिरू नये. अकस्मात दिसले तर दुरून एकदा पाहून पुढे निघावे. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते आणि ऊन तीव्र असताना त्यांच्यावर सावली धरून उभी राहते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंड्यांना थंडावाही देते. आपल्यामुळे ती पंधरा मिनिटे जरी दूर राहिली तरी दुपारच्या उन्हात अंड्यांतले जीव धोक्यात येतात. म्हणून टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की छायाचित्राचा मोह सोडून, पायाखाली पाहत, आलेल्या वाटेनेच मागे फिरावे. चोचीत किडा धरून एखादा पक्षी समोरच्या फांदीवर अस्वस्थपणे येरझारा करीत असेल, तर पिले जवळ आहेत आणि आपण अडथळा झालो आहोत, असे समजावे. घरटे नीट दिसावे म्हणून फांद्या बाजूला करणे किंवा तोडणे म्हणजे कावळ्याला आणि मांजराला वाट मोकळी करून देणे होय.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची सवय अलीकडे बरीच पसरली आहे. विणीच्या काळात नराला तो आवाज हद्दीत घुसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा वाटतो आणि पिलांना भरवायचे सोडून तो त्याचा शोध घेत राहतो. हे कोणीही, कोणत्याही कारणाने वसंतात करू नये, असे मला मनापासून वाटते.

सूर्यास्ताची थांबण्याची जागा

मार्चअखेरीस या भागात साडेसहा ते पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी अर्धा तास, पूर्वेकडचे आकाश आणि एखादे मोठे झाड किंवा तलावाचा काठ दिसेल अशा उंचवट्यावर थांबावे. बगळ्यांच्या रांगा, पोपटांचे थवे आणि साळुंक्यांचे घोळके निवाऱ्याकडे जाऊ लागतात. थव्याची मोजणी करताना आधी दहा पक्षी नीट मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत बसवावी आणि तेवढ्या जागा किती आहेत ते मोजावे. अंदाज लिहिताना ‘अनेक’ हा शब्द टाळून संख्या लिहावी.

उजेड पुरेसा असतानाच पिंगळा ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो. मान वर-खाली करीत तो आपल्याकडे पाहू लागला तर तेथून थोडे मागे सरावे. अंधार पडताना माळावरून रातव्याचा ‘चक् चक् चक्’ असा, शेवटी वेग घेत जाणारा आवाज ऐकू येतो. रातवा तापलेल्या कच्च्या वाटेवर बसतो, म्हणून परतताना वाहन सावकाश चालवावे. विजेरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर रोखू नये, आपल्या पायांपुढेच ठेवावा. साप बाहेर पडण्याचीही हीच वेळ असते.

नोंद त्याच रात्री पूर्ण करावी

वहीत तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, चाललेले अंतर, हवामान, मग प्रत्येक जात आणि तिची संख्या, एवढे असलेच पाहिजे. बसून केलेले निरीक्षण आणि चालत केलेले निरीक्षण वेगवेगळे लिहावे, कारण दोहोंची तुलना एकमेकांशी करता येत नाही. ‘ईबर्ड’ ही २००२ मध्ये सुरू झालेली जागतिक नोंदप्रणालीही हाच भेद करते. तेथे यादी भरताना ओळखलेल्या सर्व जाती नोंदवल्या आहेत का, असे विचारले जाते. कावळा, साळुंकी आणि होला वगळून फक्त दुर्मीळ पक्षी लिहिले तर त्या यादीवरून पक्षी वाढले की घटले, हे कधीच समजणार नाही. घरट्याची नेमकी जागा मात्र कोणत्याही सार्वजनिक नोंदीत देऊ नये.

न ओळखलेल्या पक्ष्याला ओढूनताणून नाव देऊ नये. ‘साळुंकीहून लहान, तपकिरी, छातीवर रेघा, शेपटी सतत खाली-वर, नांगरलेल्या रानात’ असे वर्णन आणि एक ओबडधोबड रेखाटन ठेवले तर पुढे ते एखाद्या जाणकाराला दाखवता येते. चंडोल, तिरचिमणी आणि वटवटे यांच्याबाबतीत मुरलेले निरीक्षकही नाव रिकामे सोडतात.

हीच वाट, याच वेळेला, मेअखेरीपर्यंत दर पंधरा दिवसांनी करावी. धोबी कोणत्या आठवड्यात दिसेनासे झाले, पावशा पहिल्यांदा कधी बोलला, ढोकरीच्या पाठीवर गडद तांबूस रंग कधी चढला आणि गायबगळ्याचे डोके कधी केशरी झाले, हे तारखांसह वहीत उतरत जाते. दुसऱ्या वर्षी त्या तारखा समोर ठेवूनच फेरीचे दिवस ठरवावेत.